पान्ह्याचं वेळापत्रक

बँकेच्या तपासणीत सगळ्यात आधी रोकड मोजायची असते. काउंटर उघडण्याआधी शाखेत पोहोचायचं, ज्या दोघांकडे स्ट्राँगरूमच्या किल्ल्या असतात त्यांच्यासमोर ती उघडायची, रोकड जुळली की सोनेतारणाची पाकिटं एकेक करून तपासायची. एकदा सुरू झालं की मध्येच उठता येत नाही. किल्लीवाले दोघं ताटकळत उभे असतात आणि सह्या झाल्याशिवाय दार लागत नाही. हे काम मी अनेक वर्षं करते आहे. धाकटी झाल्यावर त्यात आणखी एक घड्याळ आलं.

अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून दौऱ्यावर निघालेल्या बाईला दर तीन-चार तासांनी दूध काढावंच लागतं, मग ते घरी पोहोचो न पोहोचो. छाती भरून राहिली की आधी ठणका लागतो, मग गाठ धरते, थंडी वाजून ताप येतो. शिवाय जेवढं रिकामं होईल तेवढंच नवं तयार होतं. काही दिवस चालढकल केली की दूध आटायला लागतं. म्हणून स्ट्राँगरूम उघडण्याच्या अगदी आधी पंप लावून घ्यायचा आणि पाकिटांची मोजणी दुपारच्या वेळेच्या आत संपेल अशा बेताने कामाला बसायचं.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं लागतात. विजेचा पंप सोयीचा, पण तालुक्याच्या गावी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे हाताने दाबायचाही एक पिशवीत असतो. मात्र यंत्र लावलं म्हणून पान्हा फुटत नाही. दाराला कडी नसेल आणि बाहेर पावलं वाजत असतील तर पंप नुसताच घरघरत राहतो. अशा वेळी मी फोनवर धाकटीचा एक व्हिडिओ लावते, भूक लागल्यावर ती कुरकुरते तो. काही क्षणांत छातीत झिणझिण्या येतात आणि धार सुरू होते. मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटण्यासाठी बाळ जवळ असावंच लागतं असं नाही, त्याचा आवाजही पुरतो.

शाखेत कडी असलेली खोली बहुधा एकच, रेकॉर्ड रूम. व्हाउचरचे गठ्ठे, जुनी लेजरं, धूळ आणि नशिबाने एखादा प्लग. मराठवाड्यातल्या एका शाखेत शिपाई मावशींना मी काय हवं ते सांगू लागले, तर त्यांनी मला वाक्य पुरं करूच दिलं नाही. "तुम्ही निवांत काढा ताई, मी दारात बसते." त्यांनी खुर्ची पुसली आणि हात धुवायला तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

पुढचा भाग साठवणीचा. पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेलं दूध चार तास टिकतं. एप्रिलमध्ये लातूर-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो, तिथे हा हिशेब धरायचाच नाही. गोठवलेले जेलपॅक भरलेल्या डब्यात ते एक दिवस राहतं, फ्रीजमध्ये चार दिवस. म्हणून लॉज घेताना मी खोलीआधी स्वयंपाकघरातला फ्रीज बघते आणि मॅनेजरला स्पष्ट सांगते की हे बाळाचं दूध आहे. आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची, पंपाचे भाग साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढायचे, मगच झोपायचं.

आणि हे सगळं ज्यांच्या हाती पडतं त्या सासूबाई. पहिल्यांदा त्यांनी बाटलीवरची तारीख वाचली आणि म्हणाल्या, "अगं, परवाचं दूध पोरीला?" दूध उकळल्याशिवाय लेकराला द्यायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. हे उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची, वर जमलेला स्निग्धांश हलकेच फिरवून मिसळायचा, उरलेलं टाकून द्यायचं, हे त्यांना पटायला वेळ लागला. पण बाटलीने पाजायचं नाही हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी माळ्यावरून बोंडलं काढलं, घासलं आणि त्यातूनच पाजलं. किती प्यायली ते नवरा वहीत लिहितो. माझ्या दौऱ्याचं अर्धं काम या दोघांचं असतं, असं मी मनापासून मानते.

थोरला पाच वर्षांचा आहे. झोपताना व्हिडिओ कॉल केला की तो हमखास रडायचा, म्हणून आता सकाळी बोलतो, शाळेची व्हॅन यायच्या आधी. सकाळी त्याला सांगायला पुष्कळ असतं.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे सहा महिने. बाळ वरचं खाऊ लागतं तेव्हाच ती संपते आणि दूध तर दोन वर्षं व त्यापुढेही चालू ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1961 च्या मूळ कायद्यापासूनच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी आहे. चांगली तरतूद आहे, पण बाळ हाकेच्या अंतरावर आहे हे त्यात गृहीत धरलंय. एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्षही कडेवरच्या बाळासाठीच आखलेले. बाळापासून दोनशे किलोमीटरवर असलेल्या आईला आडोसा तर लागतोच, शिवाय प्लग, वाहतं पाणी आणि फ्रीजही लागतो. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचं धैर्य आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. मला वाटतं, नोकरीवर असलेल्या आईकडून रोज धैर्याची अपेक्षा करण्यापेक्षा तिला एक खोली द्यावी.

आमच्या विभागातली एक मुलगी लवकरच रजेवरून परत येते आहे. कोणत्या शाखेत कडीची खोली आहे, कुठे फ्रीज आहे, दारात कोण बसेल, याची यादी मी तिला दिली आहे. तिचा दौरा ठरवताना हीच यादी समोर ठेवावी, असं साहेबांना लेखी कळवलं आहे.