जुन्या व्हॉल्व्हचा गोडवा

"तो लाकडी पेटीतला रेडिओ काय गोड वाजायचा! हल्लीच्या स्टिरिओला त्याची सर नाही," असे म्हणणारे एखादे आजोबा आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतात. ही नुसती गतकाळाची हुरहूर, की त्यात काही विज्ञानही आहे?

जुन्या यंत्रात क्षीण विद्युत् संकेत मोठा करण्याचे काम निर्वात नळी, म्हणजेच व्हॉल्व्ह, करीत असे. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ट्रायोड नळी तयार केली. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढे घरगुती यंत्रांत त्याने नळीची जागा घेतली. दोघांचे काम एकच : आत आलेली लहर हुबेहूब, पण मोठी करून बाहेर देणे. मात्र कोणताच प्रवर्धक हे अगदी अचूक करीत नाही. लहरीचा आकार थोडा बिघडतो आणि मूळ गाण्यात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात.

समजा, गायकाचा षड्ज २४० हर्ट्झचा आहे. शेवटी एकच व्हॉल्व्ह असलेल्या साध्या रेडिओत लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित अधिक वाढते. त्यामुळे मुख्यतः दुप्पट वारंवारतेचा, ४८० हर्ट्झचा स्वर मिसळतो. हा तर तार षड्ज! तो खुपत नाही, उलट मूळ स्वर भरदार करतो. आवाज वाढवत नेला, तर व्हॉल्व्ह लहरीचा माथा हळूहळू दाबतो. ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक मर्यादेपर्यंत जवळजवळ अचूक असतो, पण ती ओलांडली की माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. मग तिप्पट, पाचपट, सातपट असे उपस्वर उमटतात. तिप्पट म्हणजे ७२० हर्ट्झ, हा तार पंचम. पण सातपटीचा १,६८० हर्ट्झचा स्वर नेहमीच्या बारा स्वरांपैकी कशाशीच नीट जुळत नाही. कानाला तो खरखरीत लागतो.

म्हणजे आजोबांचे कान खोटे बोलत नव्हते. मात्र त्या गोडव्यातला काही भाग गाण्याचा नसून यंत्राच्या दोषाचा होता. साध्या जुन्या रेडिओत असे विरूपण काही टक्के असे. आजच्या चांगल्या प्रवर्धकात, मर्यादेत वाजवल्यास, ते ०.१ टक्क्याहूनही कमी असते. 'अधिक गोड काय' याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. 'अधिक अचूक काय' याचे उत्तर मोजूनच द्यावे लागते.

आणि फरक खरोखर ऐकू येतो, की नळीची लाली पाहून तसे वाटते? हे तपासण्याचा प्रयोग वर्गात करता येईल. दोन प्रवर्धक आळीपाळीने एकाच स्पीकरला जोडा. एकच स्थिर स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टता मल्टिमीटरने सारखी करून घ्या, कारण किंचित मोठा आवाजही आपल्याला 'चांगला' वाटतो. यंत्रे पडद्याआड ठेवा आणि कोणते वाजवायचे ते नाणे उडवून ठरवा. १६ पैकी किमान १२ वेळा ओळख बरोबर आली, तर फरक ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सुमारे ४ टक्केच आहे. एक दक्षता मात्र घ्या : व्हॉल्व्हच्या यंत्रात २०० व्होल्टहून अधिक दाब असतो, तेव्हा पेटी उघडू नका.

आजोबांनाही या प्रयोगाला बोलवावे. पडद्याआडून त्यांनी जुने यंत्र ओळखले, तर टाळ्या त्यांच्यासाठीच वाजवू.