वाढत्या डोळ्याला आधाराची पट्टी

मुलाच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढू लागला, की घरात त्याच्या वाचनाला किंवा खाण्यापिण्याला बोल लावला जातो. परंतु नंबर हे केवळ लक्षण होय. मूळ दोष नेत्रगोलाच्या लांबीत असतो. जन्मतः ही लांबी सुमारे १७ मि.मी. असते आणि प्रौढपणी सुमारे २४ मि.मी. वर स्थिरावते. तीव्र ऱ्हस्वदृष्टीत ती पुढेही वाढतच राहते. एका मिलिमीटरची भर पडली, की नंबर अडीच-तीनने वाढतो.

चष्म्याने दृष्टी स्पष्ट होते, पण डोळ्याचे ताणले जाणे थांबत नाही. मोठेपणी करावयाची लेसर शस्त्रक्रियाही बुबुळावरील पारदर्शक पटलाचा आकार तेवढा बदलते. आतील दृष्टिपटल मात्र पातळ होत जाते. पुढे ते सुटण्याचा किंवा मध्यभागी झिजण्याचा धोका उरतोच.

म्हणूनच डोळ्याच्या मागील भिंतीलाच आधार देण्याची कल्पना पुढे आली. रशियन शल्यविशारद शेव्हेलेव्ह यांनी ती १९३० मध्ये मांडली. १९७२ मध्ये अमेरिकेत स्नायडर व थॉम्पसन यांनी तिची सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. मरणोत्तर दान केलेल्या डोळ्याच्या श्वेतपटलाची पट्टी स्नायूंखालून नेऊन, झोळीप्रमाणे नेत्रगोलाच्या मागे बसवितात व तिची टोके पुढे टाक्यांनी पक्की करतात. मुलांना त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते.

हेतू चष्मा घालविण्याचा नसून वाढ मंदावण्याचा आहे, हे पालकांनी नीट ध्यानी घ्यावे. रक्तस्राव, दुहेरी दिसणे, दृष्टिमज्जातंतूवर दाब येणे हे धोके आहेत. रशिया व चीनमध्ये ही शस्त्रक्रिया बरीच रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत ती क्वचितच होते, कारण काटेकोर तुलनात्मक चाचण्यांचे पाठबळ तोकडे आहे.

त्यामुळे प्रथम सौम्य उपायच योजावेत. अ‍ॅट्रोपिनच्या अत्यल्प मात्रेच्या थेंबांनी वाढ मंदावते, हे हाँगकाँगमधील अभ्यासाने २०१९ मध्ये दाखविले. रोज उघड्यावर खेळणेही हितकारक. त्याने विशेषतः दोष जडण्याचेच टळू शकते. नंबर उणे सहापलीकडे गेलेल्या मुलाच्या दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी, बाहुली विस्फारून, करून घ्यावी. डोळ्यापुढे अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले वा पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हे मुलालाही समजावून सांगावे. ते घाबरून गप्प बसले, तर मोलाचा वेळ निघून जातो.