अल्झायमर यांचे शिष्य डॉ. सॉलोमन फुलर आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेला आजार

घरातली बुजुर्ग मंडळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली, ताट उचलून अर्धा तासही झाला नसताना ‘मला कुणी जेवायला दिलं नाही’ म्हणू लागली, की आपण म्हणतो, आता वय झालं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहेच. काही घरांत नजर लागली, बाहेरचं काही झालं म्हणून धावपळ होते. डॉक्टर सगळ्यात शेवटी आठवतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. फरक इतकाच, की तिथे अशा माणसांना वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकायचे. अशाच एका इस्पितळात डॉ. सॉलोमन कार्टर फुलर काम करत होते. अल्झायमर हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे, फुलर हे नाव फार थोड्यांना.

त्यांचा जन्म १८७२ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात, मोनरोव्हिया शहरात. आजोबा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गुलाम होते. त्यांनी पैसे भरून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं आणि पुढे लायबेरिया गाठलं. नातू मात्र तालीम घ्यायला १८८९ मध्ये उलट अमेरिकेला गेला. १८९७ मध्ये बोस्टन विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टबरोच्या सरकारी मनोरुग्णालयात लागले. काम होतं पॅथॉलॉजिस्टचं. म्हणजे रुग्ण दगावला की त्याचा मेंदू तपासायचा आणि जिवंतपणी दिसलेल्या लक्षणांशी त्याचा मेळ लागतो का ते पाहायचं.

१९०४ मध्ये ते जर्मनीत म्युनिकला गेले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या प्रयोगशाळेसाठी जे पाच परदेशी डॉक्टर निवडले, त्यांत फुलर होते. तिथे शिकण्यासारखं होतं ते मेंदूचे काप रंगवण्याचं तंत्र. मेंदूची पेशी नुसती पाहिली तर काही कळत नाही. मेंदू रसायनात ठेवून घट्ट करायचा, त्याचे कागदापेक्षा पातळ काप काढायचे आणि चांदीच्या क्षारांनी रंगवायचे, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आतले धागे काळे उठून दिसतात. हे कंटाळवाणं, डोळे शिणवणारं काम. पण वेड हा निव्वळ मनाचा बिघाड की मेंदूत खरोखर काही बिघडलेलं असतं, याचं उत्तर याच कापांतून मिळणार होतं.

फुलर अमेरिकेला परतले आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत ऑगस्ट डी. नावाच्या बाईची हकीकत मांडली. ती वारली तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. तिच्या मेंदूत पेशींच्या बाहेर डाग होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. १९१० मध्ये या आजाराला अल्झायमर यांचं नाव मिळालं. फुलर यांनी १९१२ मध्ये तोवर छापून आलेल्या सगळ्या रुग्णांचा आढावा इंग्रजीत लिहिला, जर्मन मजकुराचा बराचसा भाग भाषांतरित केला आणि स्वतः पाहिलेल्या एका रुग्णाची त्यात भर घातली. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी या आजाराची दारं उघडणारं हेच लिखाण.

आम्हाला त्यांच्या कामातली एक गोष्ट विशेष वाटते. ती म्हणजे उस्तादाचं म्हणणंही त्यांनी डोळे झाकून घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतल्या डागांवर त्यांनी वेगळा अभ्यास केला आणि सांगितलं, की डाग दिसले म्हणून हाच आजार, असं म्हणता येणार नाही. रक्तवाहिन्या कडक झाल्या की बुद्धी जाते, हा तेव्हाचा समजही त्यांना पटला नाही. आज आपल्याला माहीत आहे, की मेंदूत डाग असूनही अनेक वृद्धांची स्मरणशक्ती शाबूत असते.

हे डाग अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे, हे १९८४ मध्ये कळलं. गुंत्यांमध्ये टाऊ नावाचं प्रथिन बिघडलेल्या रूपात असतं, हे १९८६ च्या सुमारास. त्या शोधात न्यूयॉर्कमधले डॉ. खालिद इक्बाल आणि त्यांच्या पत्नी डॉ. इंगे ग्रुंडके-इक्बाल यांचा मोठा वाटा होता.

फुलर यांना त्यांचा हक्क मात्र मिळाला नाही. बोस्टन विद्यापीठात तीस वर्षांहून जास्त शिकवलं, पण पगार गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी. शेवटची पाच वर्षं न्यूरॉलॉजी विभाग प्रत्यक्षात तेच चालवत होते, पद नव्हतं. १९३३ मध्ये त्यांच्या हाताखालच्या गोऱ्या सहायक प्राध्यापकाला विभागप्रमुख केलं, तेव्हा ते निवृत्त झाले. पुढे मधुमेहाने डोळे गेले. सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढलेल्या माणसाचे डोळे! तरी ते रुग्ण पाहत राहिले. १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं. आज बोस्टनमध्ये त्यांच्या नावाचं मानसिक आरोग्य केंद्र आहे.

त्यांनी आणखी एक काम केलं. मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस वेडासारखाच दिसतो. तो ओळखायला त्यांनी टस्कीगीच्या माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या कृष्णवर्णीय डॉक्टरांना शिकवलं. दिसायला सारखं, पण कारण वेगळं, म्हणून इलाजही वेगळा.

आपल्या घरातही इथूनच सुरुवात करावी लागते. विसरणं वाढलं म्हणजे अल्झायमरच, असं नाही. ब जीवनसत्त्व बारा कमी असेल, थायरॉईड बिघडलं असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, उदासीनता असेल, कधी तर नीट ऐकूच येत नसेल. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात आणि पहिल्या तपासण्या साध्या रक्ताच्याच असतात. अल्झायमर निघालाच तर तो मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी लक्षणं थोडी आटोक्यात राहतात. पण अब्बा मुद्दाम त्रास देत नाहीत, हे सुनेला, मुलाला, नातवंडांना कळलं तर घरातली निम्मी भांडणं थांबतात.

डॉक्टरकडे जाताना सोबत एक कागद न्या. कधीपासून विसरतात, रस्ता चुकतात का, पैशांचा हिशेब जमतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं लिहा. आणि जो माणूस दिवसभर त्यांच्याजवळ असतो, मग ती सून असो की लेक, तिलाच बरोबर न्या. बहुतेक वेळा बाहेरगावी राहणारा मोठा मुलगा जातो आणि त्याला यातलं काहीच सांगता येत नाही.