बँडसाठी गाणे निवडताना

"काका, मी वाजवलंच नाही."

मागच्या महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम संपला होता. सभागृहाच्या मागच्या बाजूला बटाटेवड्यांभोवती गर्दी होती. आमच्या बालबँडमधली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने हे सांगून गेली. चार मिनिटे ती क्लॅरिनेट ओठांशी धरून, नुसती बोटे हलवत बसली होती. आईने सगळे मोबाईलवर घेतले होते, पुण्याला आजीकडे पाठवलेही होते. आजीची शाबासकी येऊन पोचली होती. फुंकर मात्र एकदाही मारलेली नव्हती.

दोष तिचा नव्हता. गाणे मी निवडले होते. (हे लिहिण्यापूर्वी तिची परवानगी घेतली आहे. "नाव घालू नका" एवढीच अट.) संपादकांनी बँडबद्दल लिहा म्हटले, तेव्हा कौतुकाचे चार शब्द लिहिण्यापेक्षा ही चूक कशी झाली आणि ती सुधारताना काय शिकलो तेच सांगावे असे वाटले.

नवीन कुटुंबांसाठी थोडी ओळख. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर चौदा मुले जमतात. चार फ्लूट, चार क्लॅरिनेट, दोन आल्टो सॅक्सोफोन, दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम. कोणी अमेरिकन पद्धतीच्या शाळेच्या बँडमध्ये पाचवे वर्ष काढतो आहे, कोणी ब्रिटिश परीक्षा देतो, तर कोणाच्या हातात वाद्य येऊन सहाच महिने झाले आहेत. मी स्वतः पेटीवाला. लहानपणी शिकलो तेवढेच. पोटापाण्याचा धंदा रसायनशास्त्राचा.

आणि त्या धंद्यातला पहिल्या वर्षाचा धडाच मी विसरलो होतो. दोन पदार्थांची अभिक्रिया करताना जो आधी संपतो, तो किती माल तयार होणार ते ठरवतो. दुसरा पिंपभर असला तरी उपयोग नाही. मी गाणे निवडले ते आमच्या सर्वांत तयार ट्रम्पेटवाल्याकडे पाहून. बाकीच्यांचा सूर कुठे संपतो, हे पाहिलेच नाही.

गाणे होते 'जय जय महाराष्ट्र माझा'. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत, शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारी २०२३पासून ते आपले राज्यगीत आहे, तेव्हा महाराष्ट्र दिनाला ते हवेच. गाण्यात काही चूक नव्हती. चूक पट्टीत होती.

आमच्या समूहगानातल्या पुरुषांना पांढरी दोन सोयीची, म्हणून मी बँडलाही पांढरी दोनच दिली. आता गंमत पाहा. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्ये मुळात काळी पाचची. मूल कागदावर 'सी' वाचते आणि वाद्यातून पेटीची काळी पाच निघते. आल्टो सॅक्सोफोनमधून त्याच 'सी'ला काळी दोन निघते. फ्लूट आणि ट्रॉम्बोन मात्र पेटीसारखे, जे लिहिले तेच वाजते. त्यामुळे माझ्या पांढरी दोनला फ्लूटवाल्यांच्या कागदावर दोन शार्प आले, क्लॅरिनेट-ट्रम्पेटच्या कागदावर चार आणि बिचाऱ्या सॅक्सोफोनच्या कागदावर पाच! दुसऱ्या वर्षाच्या मुलीने ते पाहून तोंड मिटले, तर नवल काय?

यंदा तेच गाणे अर्धा सूर वर, काळी दोनमध्ये घेतले. सॅक्सोफोनचे सगळे शार्प गेले. क्लॅरिनेट-ट्रम्पेटला एकच फ्लॅट उरला. फ्लूटला तीन फ्लॅट आले खरे, पण बँडमधल्या मुलांना फ्लॅटची सवय शाळेतच लागलेली असते. गाणाऱ्या पुरुषांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिले नाही. पालकहो, एवढे जरूर लक्षात ठेवा: बँडसाठी काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या घरच्या पट्ट्या. गाणे तिथे बसत नसेल तर ते बँडला देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरा घोळ ग्रेडचा. "आमचा ग्रेड चारला आहे, त्याला ग्रेड चारचेच द्या," असे पालक सांगतात. ब्रिटिश परीक्षांचे एक ते आठ ग्रेड वाजवणाऱ्याचे असतात. अमेरिकन प्रकाशक बँडच्या रचनांवर एक ते सहा ग्रेड छापतात, ते रचनेचे असतात आणि संपूर्ण बँडला धरून असतात. त्यांचा ग्रेड सहा म्हणजे विद्यापीठांच्या आणि व्यावसायिक बँडचे काम. दोन्हींचा आकडा जुळला म्हणून अवघडपणा जुळत नाही. शिवाय छापील ग्रेड म्हणजे सरासरी. आपल्या एकुलत्या एक ट्रॉम्बोनला मध्येच आठ मात्रा एकट्याने वाजवायच्या असतील, तर 'सोपी' रचनाही त्या दिवशी कोसळते. म्हणून मी आता मुख्य धून सोडून सर्वांत कच्च्या मुलाचा कागद आधी वाचतो.

क्लॅरिनेटच्या कागदावर तर एक जागा मुद्दाम शोधतो. या वाद्याच्या मधोमध एक ओढा आहे. एका सुराला जवळजवळ सगळी भोके उघडी आणि पुढच्याच सुराला जवळजवळ सगळी बंद. शिकाऊ मुलाची बोटे तिथे गडबडतात आणि वाद्य किंचाळते. धून वारंवार हा ओढा ओलांडत असेल, तर नवख्यांना तीच धून खालच्या सप्तकात लिहून द्यायची. सूर तेच राहतात, किंचाळणे थांबते.

मग तयार मुलांनी काय करायचे? त्यांनाही सोपेच दिले, तर ती दोन शुक्रवारी येतात आणि तिसऱ्या शुक्रवारी त्यांची 'टेस्ट' असते! याचे उत्तर मला पुण्याच्या रस्त्यावर सापडले. म्हणजे आठवणीत. गणपतीच्या मिरवणुकीत ज्यांनी प्रभात बँड (स्थापना १९३८) किंवा दरबार बँड ऐकला आहे, त्यांनी डोळे मिटून आठवावे. बँडमास्तर एकटा पुढे होऊन हरकती-मुरक्यांसह ओळ वाजवतो आणि मुखडा आला की सगळा ताफा एका सुरात उचलतो. त्या ताफ्यातले सगळेच काही बँडमास्तरच्या तोडीचे नसतात. तशी गरजही नसते. अंतरा तयार मुलाला, मुखडा सगळ्यांना! भजनात बुवा आणि टाळकरी हेच करतात. आपल्याला हे शिकायला परदेशी जायला नको होते, पण आठवायला खोबरला यावे लागले.

साहेबाच्या बँडमध्येही अशा युक्त्या आहेतच. गुस्ताव होल्स्टने १९०९ साली लष्करी बँडसाठी 'फर्स्ट स्वीट' लिहिली, तीही योगायोगाने काळी दोनमध्ये. त्यात बऱ्याच वाद्यांच्या कागदांवर 'असल्यास वाजवावे' अशा अर्थाची खूण आहे. ती वाद्ये हजर नसली तरी रचना उभी राहते. पहिल्या भागात आठ मात्राविभागांची एक धून खर्जाच्या वाद्यांवर सुरू होते आणि पुढे बहुतेक सतत फिरत राहते, आपल्याकडे तबल्याच्या साथीला लेहरा फिरतो तशी. ही रचना आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, पण तिची रीत उसनी घ्यायला हरकत नाही. आणि चांगले संगीत म्हणजे अवघड संगीत असेही नाही. होल्स्टने १९११मध्ये दुसरी स्वीट रचली आणि व्हॉन विल्यम्सने १९२३मध्ये बँडसाठी आपली प्रसिद्ध स्वीट दिली, त्या दोन्ही इंग्लंडच्या लोकगीतांवरच बेतलेल्या आहेत. मग आपल्या ओव्या, कोळीगीते, बालगीते बँडवर का शोभू नयेत?

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तर आपल्याकडे खजिना आहे. बँडची पुस्तके बहुधा काळी पाचच्या सा रे ग म प या पाच सुरांनी सुरू होतात. पुढे धैवत आला की भूपाच्या वळणाच्या कितीतरी धुनी हाताशी येतात. युफोनियम-ट्रॉम्बोनवाल्यांना षड्ज-पंचम धरायला द्यावा, म्हणजे तानपुऱ्याचे काम होते. पण एक इशारा. लांब सूर स्थिर धरणे दिसते तितके सोपे नाही, आणि गाणेभर एकच सूर धरायला लावणे हा मुलाचा अपमान आहे. आमच्याकडे आता नियमच आहे: प्रत्येक मुलाला गाण्यात निदान एकदा मुख्य धून मिळालीच पाहिजे.

हे सगळे इथे जास्त निकडीचे आहे, कारण आपला बँड वर्षभर तसाच राहत नाही. कोणाच्या वडिलांचे फायनल एक्झिट होते, कोणी अकरावीसाठी पुण्या-नागपुराला जाते. जूनमध्ये युफोनियम होते, सप्टेंबरमध्ये नाही. म्हणून कोणत्याही एका वाद्यावाचून अडणारे गाणे आम्ही आता घेत नाही. खर्जाचा कागद ट्रॉम्बोन, युफोनियम आणि वेळ पडल्यास पेटी, तिघांसाठीही लिहून ठेवतो.

तेव्हा गाणे सुचवताना कृपया हे पाच प्रश्न स्वतःला विचारावेत:

१. पट्टी काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार आहे का, किंवा करता येईल का?
२. सर्वांत नवख्या मुलाचे सूर सहाच्या आत ठेवता येतील का?
३. तयार मुलाला घाम फुटेल अशी एक तरी जागा आहे का?
४. एखादे वाद्य गैरहजर राहिले तर गाणे उभे राहील का?
५. प्रत्येक आईबाबांना आपल्या मुलाची धून ओळखू येईल का?

पाचही उत्तरे 'हो' येणारे गाणे मिळणे कठीण. चार आली तरी आम्ही आनंदाने घेऊ. नवीन चित्रपटगीतांच्या फर्माइशी बऱ्याच आहेत. रागावू नका, पण त्यातली बहुतेक पहिल्याच प्रश्नात गळतात!

आता त्या मुलीचे. यंदा मुखडा तिच्याकडे आहे, खालच्या सप्तकात, शेजारी एक मोठी मुलगी बसवून. मागच्या शुक्रवारी तालमीत तिसऱ्या ओळीवर तिचा एक सूर चांगलाच घसरला. सगळ्यांना ऐकू गेला. ती दचकली, माझ्याकडे पाहिले आणि हसून पुढे वाजवत राहिली. मला तो घसरलेला सूर मागच्या वर्षीच्या चार मिनिटांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटला. पुण्याच्या आजींना या खेपेला खरेच काहीतरी ऐकायला मिळेल.

ज्यांच्या घरी कपाटावर एखादे वाद्य धूळ खात पडले असेल, त्यांनी मुलासह शुक्रवारी अवश्य यावे. किती येते ते विचारणार नाही. जेवढे येते तेवढ्याचा कागद आम्ही लिहून देऊ.