सुशासन आणि कुशासनाचे रूपक

सुशासन आणि कुशासनाचे रूपक ही इटलीतील सिएना शहराच्या पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनातील भित्तिचित्रमालिका आहे. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती या सिएनी चित्रकाराने ती १३३८–३९ मध्ये रंगवली. धार्मिक कथेऐवजी राज्यकारभार हा विषय असल्यामुळे आणि सत्ताधाऱ्यांच्या राजकीय प्रचाराचे साधन म्हणून ती महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

सिएना हे स्वतंत्र नगरराज्य होते. १२८७ ते १३५५ या काळात तेथे ‘नऊ जणांचे’ मंडळ राज्य करीत असे. त्यात मुख्यतः धनिक व्यापारी व सावकार असत; जुन्या सरदार घराण्यांना त्यात प्रवेश नव्हता. सदस्यांची मुदत केवळ दोन महिन्यांची असे. ही चित्रे याच मंडळाने आपल्या सभागृहासाठी काढून घेतली.

चित्रांचे स्वरूप

चित्रे तीन भिंतींवर असून चौथ्या भिंतीत खिडकी आहे. उत्तर भिंतीवर न्यायदेवता आहे. तिच्या तराजूपासून निघालेली दोरी मांडीवर रंधा घेतलेल्या ‘एकोप्या’च्या हाती येते. तेथून ती २४ नागरिकांच्या हातांतून एका भव्य वृद्ध पुरुषापर्यंत पोहोचते. त्याची वस्त्रे सिएनाच्या काळ्या-पांढऱ्या रंगांची असून पायांशी नगराचे चिन्ह असलेली लांडगी व जुळी बालके आहेत.

पूर्व भिंतीवर सुशासनाचे परिणाम दिसतात: गजबजलेली दुकाने, चालू बांधकाम, नर्तकांचा समूह आणि वेशीबाहेरची पिकती शेते. पश्चिम भिंतीवर शिंगे व सुळे असलेली ‘जुलूमशाही’ विराजमान असून न्यायदेवता तिच्या पायांशी जखडलेली आहे. जवळच ‘फूट’ करवतीने स्वतःलाच कापताना दाखवली आहे.

राजकीय आशय

वृद्ध पुरुषाची आकृती नगरराज्य व लोकहित या दोहोंचे प्रतीक मानली जाते. त्यामुळे मोजक्या घराण्यांची सत्ता हीच सर्वांच्या हिताची सत्ता ठरते. चित्रांतील मजकूर बराचसा लॅटिनऐवजी बोलीभाषेत आहे. या आश्वासनामागे धाकही आहे: शेतांवर तरंगणाऱ्या ‘सुरक्षिते’च्या एका हातात निर्भय संचाराची ग्वाही देणारा पट, तर दुसऱ्या हातात फासावर लटकलेला गुन्हेगार आहे. चित्रे सभागृहातच असल्यामुळे ती राज्यकर्त्यांनाही कर्तव्याची आठवण करून देत.

या मांडणीचे मूळ निकोलाय रुबिनस्टाइन यांनी ॲरिस्टॉटल व थॉमस अक्वायनस यांच्या विचारांत शोधले. क्वेंटिन स्किनर यांनी मात्र सिसेरोसारख्या रोमन लेखकांच्या परंपरेवर भर दिला.

नंतरचा काळ

१३४८ च्या प्लेगमध्ये सिएनाची मोठी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. लोरेन्झेत्तीचा मृत्यूही त्याच साथीत झाला असे मानले जाते. १३५५ मध्ये उठाव होऊन नऊ जणांची सत्ता संपुष्टात आली, परंतु चित्रे टिकून राहिली. त्यांपैकी कुशासनाच्या भिंतीची सर्वाधिक हानी झाली आहे.