उन्हाळ्याची तयारी दिवाळीत

टोकरखाड्यात आमच्या शेजारची मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते. एप्रिलमध्ये विचारायला आली, "दादा, सुट्टीत इम्युनॉलॉजीत इंटर्नशिप करायची आहे. कुठे अर्ज करू?" काय सांगणार? बीई करताना मीही असाच एप्रिलमध्ये जागा झालो होतो.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने, विद्यावेतनासह. पण अर्ज आदल्या वर्षी, साधारण नोव्हेंबरपर्यंत करावा लागतो. म्हणजे फराळाची ताटं फिरत असतानाच बसायचं. प्राध्यापकांचं शिफारसपत्रही लागतं. आयत्या वेळी मागितलं तर ते कोरडंच येणार.

इम्युनॉलॉजी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास. त्यासाठी दिल्लीत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी आहे. आपल्याला जवळचं पुण्याचं एनसीसीएस, विद्यापीठाच्या आवारात. अशा प्रयोगशाळांत फ्लो सायटोमीटर असतो. चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं पेशींना चिकटवतात, मग एकेक पेशी लेसरसमोरून जाते आणि टी-पेशी कोणती, बी-पेशी कोणती ते कळतं. हजारो पेशींचा डेटा! वाचतानाच माझे हात शिवशिवले. (इंजिनीअरिंगची मुलंही या फेलोशिपला अर्ज करू शकतात, बरं का.)

"मोठ्या कॉलेजच्या मुलांनाच मिळत असेल," ती म्हणाली. निवडीची खात्री मी कशी देणार? म्हटलं, अर्जात नुसतं 'आवड आहे' लिहू नकोस, तुला पडलेला एक प्रश्न लिही. काल तिने पाठवला: धनुर्वाताचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, मग गोवराची लस का नाही?