वाचनालय वाढवायचं, पण तिसरा हिस्सा कोणाचा?

वडोदऱ्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आलेल्या माणसाला पुस्तकांच्या आधी आठवते ती तिथली काचेची जमीन. ग्रंथभांडारात लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला अशा उभ्या आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड पायांखालून झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत उतरतो. या मांडण्या अमेरिकेतल्या स्नेड कंपनीच्या. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण मोठ्या अभिमानाने ही काच दाखवतो, आणि पाहुणेही त्यावर जरा जपूनच पाय टाकतात.

मला मात्र या काचेपेक्षा तिच्यामागच्या हिशेबाचं नवल जास्त वाटतं. सध्या आपल्या बहुतेक मंडळांत एकच चर्चा ऐकू येते: जुनं मराठी वाचनालय दुरुस्त करायचं, वाढवायचं, की सरळ कुलूप लावून ती जागा कार्यक्रमांसाठी वापरायची? या चर्चेत तो जुना हिशेब फार कामाचा आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलं वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच आलं नाही, तर शिकलेली अक्षरं चार-पाच वर्षांत पुसून जातात. त्याच १९०६ साली महाराज अमेरिकेत गेले होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवन इथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना वडोदऱ्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं सेंट्रल लायब्ररीला दिली. बॉर्डन यांनी पुस्तकांचं वर्गीकरण बसवलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. आपल्या देशातला असा हा पहिला वर्ग मानतात.

या चळवळीचं 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं एक नियतकालिक १९१२ पासून निघत असे. ते तीन भाषांत होतं: इंग्रजी, गुजराती आणि मराठी. म्हणजे वाचनालय कसं चालवावं याबद्दल वडोदऱ्यात आपल्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी लिहिलं-वाचलं जात होतं. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असतं कोण जाणे!

शहरात लायब्ररी झाली, आता खेड्यांचं काय? तर त्यासाठी लाकडी पेट्या होत्या. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरायची आणि ती रेल्वेने किंवा बैलगाडीने गावी पाठवायची. पेटी गावात काही आठवडे राहायची, मग परत यायची आणि दुसरी जायची. वाहतुकीचा खर्च दरबार करी. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी जादूचा कंदील आणि पुढे सिनेमाही गावोगाव फिरला. मुलांसाठी आणि बायकांसाठी सेंट्रल लायब्ररीत वेगळे विभाग होते. घरातल्या बाईने चारचौघांत जाऊन वर्तमानपत्र उघडणं हीच ज्या काळात मोठी गोष्ट होती, त्या काळातलं हे आहे.

आता हिशेबाकडे येऊ. संस्थानातल्या एखाद्या गावाला वाचनालय हवं असेल तर दरबार आयतं बांधून देत नसे. गावाने आधी स्वतःचे पैसे गोळा करायचे. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच दरबार घालणार. इमारतीलाही हाच नियम, एक हिस्सा गावाचा आणि दोन बाहेरचे. वर्षाच्या अनुदानाला मर्यादा होती, खेड्याला १०० रुपये, कसब्याला ३०० आणि प्रांताच्या मुख्य गावाला ७००. पण गावाने वर्गणी काढलीच नाही, तर वरून एक पैसाही नाही.

पहिल्यांदा हे वाचताना जरा कठोर वाटतं. गरीब गावाला का म्हणून अडवायचं? पण विचार करा, ज्या घराने चार आणे दिले त्या घराचा माणूस महिन्याभराने विचारायला येणारच, 'पुस्तकं आली का? किती आली? उघडता किती वाजता?' हा विचारणारा माणूस म्हणजेच वाचनालय. बाकी कपाटं कुठेही मिळतात. चरोतरातले शिक्षक मोतीभाई अमीन यांनी तर दरबारी योजनेच्या आधीपासून, १९०६ पासून, मित्रमंडळांच्या नावाने गावोगाव छोटी वाचनालयं उभी केली होती. पुढे संस्थानाने त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतलं. लोकांचा हिस्सा आधी तयार होता, म्हणूनच दरबारचा पैसा जिरला.

आता आपल्याकडे या. हैदराबादचं मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ सालचं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, जिथे म्हणून मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथे गणेशोत्सवाच्या जोडीने वाचनालयही असतंच. दोन खोल्या, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, दिवाळी अंकांची चळत आणि संध्याकाळी दोन तास उघडणारं देवघेवीचं टेबल. टेबलामागे बहुधा सत्तरीचे एखादे काका किंवा निवृत्त शिक्षिका. ही मंडळी नसती तर ही दारं केव्हाच बंद झाली असती.

नूतनीकरण म्हटलं की बैठकीत सगळ्यात आधी फरशी येते, मग रंग, मग एसी. यात चूक काही नाही, कोंदट खोलीत कोण येऊन बसणार! पण क्रम उलटा आहे. पुस्तकांच्या खोलीत पहिला प्रश्न वजनाचा. एक मीटर लांबीच्या फळीवर पुस्तकं दाटीने लावली तर तीसेक किलो सहज भरतात. पाच फळ्यांचं कपाट म्हणजे दीडशे किलो कागद, वर लोखंडाचं वजन वेगळं. राहत्या घराच्या खोलीची स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधतात. ग्रंथभांडारासाठी मात्र भारतीय मानक, आयएस ८७५, किमान ६०० किलो धरायला सांगतं, तेही मांडणी सव्वादोन मीटरपर्यंत उंच असेल तर. त्याहून उंच गेलात की आणखी. म्हणून कोणी सभासदाने मोठ्या मनाने आपल्या घराचा वरचा मजला वाचनालयाला देऊ केला, तर आभार मानून झाल्यावर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वर वाचनाची खोली करा, कपाटं तळमजल्यावर ठेवा. एवढ्याने पुष्कळ प्रश्न सुटतात.

दुसरा प्रश्न ओलीचा. भिंतीचे पोपडे काढून त्यावर चकचकीत रंग दिला की पहिल्या पावसापर्यंत छान दिसतं. ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय रंगाचा डबा उघडूच नये, गच्चीवरून, पाइपातून की पायातून. कपाटं भिंतीला चिकटवायची नाहीत, वीतभर जागा सोडायची, म्हणजे मागे हवा खेळते आणि वाळवीची रेघ दिसली तर वेळेत दिसते. कसर लागलेली पुस्तकं चांगल्या पुस्तकांपासून आधी वेगळी काढायची.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते: पुस्तकं हलवणं. माझ्या माहितीतल्या एका वाचनालयात रंगकाम काढलं तेव्हा पुस्तकं पोत्यांत भरून शेजारच्या सभागृहात रचली. मजुरांनी काम चोख केलं, पण पोत्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. महिन्याभराने पोती उघडली तेव्हा नाटकं पाककृतींत आणि चरित्रं रहस्यकथांत मिसळली होती. जुनी दाखल नोंदवही तर रद्दीबरोबर गेली. ती वही म्हणजे वाचनालयाचा जन्मदाखला. कोणतं पुस्तक कधी आलं, कोणी भेट दिलं, सगळं तिच्यात होतं. खोक्यावर कपाटाचा आणि फळीचा क्रमांक टाकायला मार्कर पेन लागतं, एवढंच! नोंदवहीचे तर आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नूतनीकरण पाच वर्षांनी होणार असलं तरीही.

मार्कर पेन आणि मोबाइल म्हटल्यावर तुमच्या, म्हणजे विशी-पंचविशीतल्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल की मी कोणाकडे वळतोय. पुस्तकांची यादी संगणकावर आणायची तर 'कोहा' नावाची मोफत प्रणाली आहे. ती न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. देवनागरी तिला उत्तम चालते. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे, त्यापुढे नाटक, कादंबरी असे फाटे फुटतात. एकदा यादी झाली की घरबसल्या कळतं पुस्तक आहे की नाही. आज बहुतेक ठिकाणी हे ज्ञान एकाच काकांच्या डोक्यात असतं. 'काका, स्वामी आहे का हो?' 'चौथं कपाट, खालून दुसरी फळी. जरा वाक, मागच्या रांगेत बघ.' काका चार दिवस गावाला गेले की वाचनालयाची स्मृतीच गावाला जाते.

स्कॅनिंगबद्दल हौशी लोक हमखास विचारतात, सगळंच स्कॅन करून टाकूया का? तसं नाही करता येत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांची पुस्तकं खुशाल करा. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबावं लागेल. माझं मत विचाराल तर आधी स्थानिक गोष्टी घ्या: मंडळाच्या जुन्या स्मरणिका, हस्तलिखित अंक, नाट्यस्पर्धेच्या पत्रिका. हरिभाऊ दुसरीकडेही मिळतील. तुमच्या गल्लीतल्या नाटकाची १९५८ सालची पत्रिका जगात कदाचित एकच असेल.

एक कळीचा प्रश्न उरतोच. एवढं करून वाचायला कोण येणार? 'नव्या पिढीला मराठी वाचता येत नाही' हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. निदान गुजरातमध्ये आणि मध्य प्रदेशात ते खरं नाही. हिंदीमुळे देवनागरी सगळ्या मुलांना येते. अडतं ते शब्दांपाशी आणि सवयीपाशी. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाला सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी हातात दिली तर ते पळणारच. त्याच्यासाठी पातळ पुस्तकं, चित्रकथा, एकाच गोष्टीची मराठी आणि गुजराती प्रत शेजारीशेजारी, अशी एक खालची फळी हवी. गोव्यात १८३२ सालापासूनचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या पाट्टो भागात नव्या इमारतीत गेलं, तेव्हा तिथे मुलांचा विभाग वेगळा आणि ऐसपैस ठेवला गेला. तेवढी जागा आपल्याकडे नाही, पण सतरंजी आहे ना?

पैशाचं बोलायचं तर सरकारकडे मार्ग आहेत. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना राज्य सरकारांमार्फत मदत करतं. पुस्तकं, कपाटं, जागा वाढवणं, मुलांचा विभाग अशा वेगवेगळ्या योजना आहेत. त्यांतल्या बऱ्याच योजनांत तुमच्या बाजूचाही हिस्सा दाखवावा लागतो, म्हणजे फिरून सयाजीरावांच्याच हिशेबापाशी आलो. अर्जाला नोंदणीची कागदपत्रं, लेखापरीक्षित हिशेब आणि जागेचे कागद लागतात. जुन्या संस्थांचं घोडं नेमकं जागेच्या कागदांवर अडतं, तेव्हा ते काम सगळ्यात आधी हाती घ्यावं.

वर्गणी ज्येष्ठ मंडळी देतील, आजवर दिलीच आहे. परदेशी गेलेली मुलंही पाठवतील. पण शनिवारी संध्याकाळचे दोन तास कोणी ऑनलाइन पाठवू शकत नाही. आमच्याकडे सध्या ठरलंय ते इतकंच: महिन्यातले दोन शनिवार देवघेवीचं टेबल कॉलेजातल्या मुलामुलींनी सांभाळायचं आणि खरेदीच्या यादीतली एक तृतीयांश पुस्तकं त्यांनी निवडायची. त्यात मांगा आली तरी कोणी नाक मुरडायचं नाही, असंही इतिवृत्तात लिहून घेतलंय. दोन ज्येष्ठ सभासदांनी यावर हरकत नोंदवली आहे. मांगा म्हणजे काय, हे एकींनी बैठक संपल्यावर हळूच विचारून घेतलं आणि एक अंक घरी वाचायला नेला.

कपाटांची मोजणी आणि फळ्यांना क्रमांक टाकणं दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. येताना जुने कपडे घाला आणि नाकाला बांधायला रुमाल आणा. धूळ १९७० सालापासूनची आहे.